स्मरणशक्तीचा मध

माझे यजमान ताजुद्दीन अरबीत कविता करतात. सौदीत अल खर्जमध्ये असताना मी हे वाक्य ज्या ज्या अरब बाईसमोर म्हटलं, तिने कौतुकाने मान हलवली आणि मग विचारलं, "आणि काम काय करतात?"

काम ते डेअरीत करायचे. शेख मुतलक यांच्या डेअरीवर गोठ्यांकडून दुधाचे टँकर यायचे. दुधाचा नमुना घ्यायचा, आंबटपणा तपासायचा, दूध बरं असेल तर टँकर आत सोडायचा आणि नसेल तर ड्रायव्हरच्या शिव्या खायच्या, असं ते काम होतं. मी इस्पितळाच्या प्रयोगशाळेत रक्त आणि लघवी तपासत असे. दोघंही दिवसभर बाटल्यांकडे बघून घरी येत असल्यामुळे संध्याकाळी कविता ऐकायला माझी हरकत नसायची.

ते मूळचे म्हसळ्याचे. वडील मदरशात अरबी शिकवायचे, त्यामुळे यांना इतर मुलांना पाढे पाठ होतात त्या वयात अरबी वृत्तं पाठ झाली. तरुणपणी नोकरी मिळून ते सौदीत उतरले तेव्हा त्यांना पहिला धक्का बसला तो असा, की इथे अरबी कुणी बोलतच नव्हतं. म्हणजे यांची अरबी. यांची अरबी हजारेक वर्षांपूर्वीची होती. पहिल्याच आठवड्यात त्यांनी बाजारात टोमॅटो मागितले, तर भाजीवाल्याने हातातला तराजू खाली ठेवला आणि शेजारच्या दुकानदाराला ऐकायला बोलावलं. आपल्याकडे कुणी मंडईत जाऊन ताम्रपटाच्या भाषेत वांगी मागितली तर होईल तसंच ते झालं. टोमॅटो मात्र फुकट मिळाले.

त्यांची इच्छा एकच होती. तिथल्या बैठकीत कुणी चांगली कविता म्हटली की ऐकणारे म्हणतात, "सह् लिसानक." तुझी जीभ शाबूत राहो. त्यावर कवीने म्हणायचं, "सह् बदनक." तुझं शरीर शाबूत राहो. कुणातरी अस्सल अरबाने आपल्याला एकदा, फक्त एकदा, 'सह् लिसानक' म्हणावं, एवढंच त्यांना हवं होतं. आपलं उत्तर त्यांनी कधीच तयार करून ठेवलं होतं. दाढी विंचरताना ते आरशाला 'सह् बदनक' म्हणत. मी ऐकलं आहे.

संधी एकदा आली होती. डेअरीचा बाटल्या भरण्याचा नवा विभाग सुरू झाला तेव्हा मुतलकने मोठी मेजवानी दिली आणि कुणीतरी सांगितलं, आपला ताज कविता करतो. पुरुषांच्या दिवाणखान्यात यांना उभं केलं. आम्ही बायका पलीकडच्या खोलीत होतो, मधल्या दाराला पडदा होता.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आपल्याकडे कोकणात मुशायरा होतो तेव्हा शायर पहिली ओळ म्हणतो आणि थांबतो. लोक ओळ उचलतात. तो पुन्हा तीच ओळ म्हणतो, पुन्हा थांबतो. लोक वाहवा करतात, तो कपाळाला हात लावून आदाब करतो, आणि मग कुठे दुसरी ओळ येते. यांचं लहानपण असे मुशायरे ऐकण्यात गेलं होतं. भाषा अरबी, वृत्त अरबी. कविता म्हणायची पद्धत मात्र म्हसळ्याची.

तर यांनी पहिली ओळ म्हटली आणि थांबले. दिवाणखाना गप्प. यांनी तीच ओळ पुन्हा म्हटली आणि आशेने सगळीकडे पाहिलं. तरी गप्प. यांनी तिसऱ्यांदा म्हटली, जरा जोर देऊन. तेव्हा माझ्या शेजारी बसलेली मुतलकची आई, उम्म मुतलक, हळहळली. "विसरला बिचारा," ती म्हणाली.

पलीकडेही तेच झालं. एका म्हाताऱ्याने मदत म्हणून भलत्याच कवितेची ओळ पुढे केली. मुतलक उठला, यांच्या खांद्यावर हात ठेवून यांना खाली बसवलं आणि स्वतःच्या हाताने खजूर भरवले.

घरी येताना मी गाडीत म्हटलं, "तुम्ही विसरलात असं त्यांना वाटलं."

"मी? मी विसरलो?"

"ओळ पुन्हा पुन्हा म्हणू नका ना. एकदा म्हणा आणि पुढे जा."

"रुकय्या, एकदा म्हटलेली ओळ म्हणजे टपालात टाकलेलं पत्र. पोचलं की नाही ते कसं कळणार?"

"खजूर दिले की पोचलं नाही समजायचं."

त्यावर ते पुढचे काही दिवस माझ्याशी फक्त कामापुरतं बोलले.

डेअरीत मात्र ही बातमी कायमची झाली. ताजुद्दीन भला माणूस, पण स्मरणशक्ती कमजोर. मुतलक त्यांना कुठलंही काम दोनदा सांगू लागला. मुतलकचा धाकटा भाऊ तर भेटला की आधी स्वतःचं नाव सांगायचा, खबरदारी म्हणून. आणि दर वर्षी हिवाळा लागला की उम्म मुतलककडून एक मोठी बरणी यायची. डोंगरातला मध आणि त्यात कुटलेली कलौंजी. सकाळी उपाशीपोटी एक चमचा, स्मरणशक्तीसाठी. बाई कुणाच्या हाताने पाठवायची नाही, ड्रायव्हरबरोबर स्वतः यायची, मोटारीतच बसून बरणी माझ्या हातात द्यायची आणि विचारायची, "काही फरक?"

"आहे थोडा," मी म्हणायचे. दुसरं काय म्हणणार?

यांनी त्या बरणीला कधी हात लावला नाही. तो मध खायचा केरू.

केरू गुहागरचा. डेअरीच्या कोल्ड स्टोअरचा मेकॅनिक. कॉम्प्रेसर, पंखे, अमोनियाचे पाइप हे सगळं त्याच्या ताब्यात. राहायचा कॅम्पात, पण शुक्रवारी जेवायला आमच्याकडे, आणि जेवणाच्या बदल्यात कविता ऐकायचा. अरबीचं अक्षर त्याला कळत नव्हतं. यांचा उजवा हात वर गेला की तो म्हणायचा, "वा! ताजूभाय, वा!" आणि हात खाली आला की चपातीला मध लावायचा.

"तुला काय कळलं सांग," एकदा आमची अरवा त्याला म्हणाली. अरवा तेव्हा दहावीत होती, रियाधच्या इंडियन स्कूलमध्ये.

"मला काय कळायचंय गं? देवळात संस्कृत चालतं तेव्हा तरी कुठे कळतंय? पण आवाज बरा हाय. आमचा कॉम्प्रेसर बघ, नीट चालला की आवाजावरून समजतं."

"अंकल, ही इज नॉट अ कॉम्प्रेसर."

"नाय कसा? गरम झाला की थांबतोच की."

इराकने कुवेत घेतलं त्याच्या पुढच्या वर्षी यांची निवृत्ती ठरलेली होती. फेब्रुवारी संपला की इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, रद्द, सामान बांधायचं आणि म्हसळ्याला परत. मुतलकने निरोपाचं जेवण द्यायचं कबूल केलं होतं आणि त्या जेवणात यांनी कविता म्हणायची असंही ठरलं होतं. म्हणजे मुतलक म्हणाला होता, "हवं तर म्हण. कागद समोर धरलास तरी चालेल." ही शेवटची संधी. त्यानंतर म्हसळ्याच्या ओटीवर बसून आयुष्यभर सांगायचं, की मी अरबी कवी आहे. आणि कुणी विचारलं, अरब काय म्हणाले, तर सांगायचं, खजूर दिले.

मग जानेवारीत लढाई सुरू झाली. आमच्या डोक्यावरून दिवसरात्र विमानं जाऊ लागली, भोंगे वाजू लागले. माझा भाऊ लांब पश्चिम किनाऱ्यावर, यान्बूला होता. तो फोनवर म्हणाला, "इकडे या, इकडे काही पडत नाही." इंडियन स्कूल बंद झालं, अरवा घरी आली, शेजारची कुटुंबं मिळेल त्या विमानाने मुंबईला निघाली. मी यांना म्हटलं, "आपणही जाऊ. आधी काय, नंतर काय."

"जेवण झाल्यावर," ते म्हणाले.

"क्षेपणास्त्र जेवणासाठी थांबणार आहे का?"

"मुतलकने तारीख दिली आहे."

"आणि तोवर काही झालं म्हणजे?"

"तर निदान प्रश्न सुटेल," असं म्हणून ते वहीत वृत्त मोजत बसले.

कविता मोठी होती. जुन्या पद्धतीची प्रशस्ती, म्हणजे कसीदा. त्याचा एक ठरलेला रस्ता असतो. आधी कवी ओसाड पडलेल्या मुक्कामाजवळ उभा राहून रडतो, मग उंटिणीवर बसतो, उंटिणीचं वर्णन करतो, प्रवास करतो आणि शेवटी यजमानाकडे पोचून त्याची स्तुती करतो. उंटिणीचंच वर्णन यांनी चाळीस ओळी केलं होतं.

"तुम्ही उंटावर कधी बसलात?" मी विचारलं.

"कवितेत बसावं लागतं."

"तुम्ही रोज गाई बघता. डेअरीत येता-जाता गोठ्यावरूनच जाता. गाईचं करा."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी चुकून नमुन्याच्या बाटलीतून पाणी प्यायले होते.

पण पहिल्या भोंग्याच्या दिवशी ते घरी आले ते हसतच. माणसं इकडेतिकडे पळाली होती, एकजण चाऱ्याच्या कुंडात लपला होता, आणि हॉलंडहून आणलेल्या सगळ्या काळ्यापांढऱ्या गाई शांतपणे रवंथ करत त्याच्याकडे बघत होत्या. अरवाने विचारलं, "मग काऊजनी काय केलं?" यांनी तिला अरबी पद्यातच उत्तर दिलं, चहा पिता पिता. पुढच्या भोंग्याला दोन ओळी वाढल्या. असं करता करता गाईची कविताच झाली. यांनी ती वहीत उतरवलीसुद्धा नाही. "ही गंमत आहे," ते म्हणत. अरवाला मात्र ती सगळी पाठ झाली. एरवी "अब्बा, प्लीज, नॉट अगेन" म्हणणारी मुलगी भोंगा वाजला की स्वतःच म्हणायची, "अब्बा, द काऊ वन."

क्षेपणास्त्रात विषारी गॅस असेल या भीतीने डेअरीने सगळ्यांना मुखवटे दिले. मी प्रत्येकाचा तपासला. पुढच्या डब्यावर तळवा दाबायचा आणि श्वास आत ओढायचा. मुखवटा गालांना चिकटला तर ठीक. माझा चिकटला, अरवाचा चिकटला. यांचा चिकटेना. दाढीतून हवा आत येत होती.

"दाढी काढावी लागेल," मी म्हटलं.

"दाढीशिवाय कसीदा म्हणू?"

"जिवंत राहून म्हणा."

"व्हॅसलीन लावून बघू," ते म्हणाले. लावून पाहिलं. मुखवटा तरीही गळतच राहिला, शिवाय दाढीला दोन दिवस धूळ चिकटत होती.

जेवणाच्या दिवशी मुतलकने वेळ दुपारची ठेवली, म्हणजे अंधार पडायच्या आत सगळे घरी जातील. जेवण डेअरीच्या आवारातल्या पाहुणेघरात. पुरुष बाहेरच्या दिवाणखान्यात, आम्ही आत, मध्ये पुन्हा पडदा. उम्म मुतलक मेंढीच्या कातड्याचा झगा अंगावर घेऊन भिंतीला टेकून बसली होती. मला तिने शेजारी बसवलं.

"आज म्हणणार आहे ना तो?"

"हो."

"देव सांभाळेल," ती म्हणाली, आणि माझा हात थोपटला. ऑपरेशनच्या आधी नातेवाइकांचा थोपटतात तसा.

पलीकडे ताटं उचलली गेली. मुतलक म्हणाला, "हं, ताज." यांनी घसा साफ केला. आणि भोंगा वाजला.

मुतलकने कोल्ड स्टोअर हाच आसरा ठरवला होता. जाड भिंती, खिडकी नाही, दाराला चारही बाजूंनी रबर. हवाबंद खोली हवी, तर एवढी हवाबंद खोली अख्ख्या अल खर्जमध्ये नव्हती. आम्ही तीसेक माणसं धावत आत गेलो आणि केरूने दार लावलं. आतलं तापमान चार अंश. चहूकडे लबनच्या, म्हणजे ताकाच्या, बाटल्यांचे क्रेट रचलेले. अशा वेळीही रीत पाळायला हवी म्हणून मुतलकच्या भावांनी क्रेट ओढून मधोमध भिंत केली. अलीकडे बायका, पलीकडे पुरुष. केरू दाराजवळ, बटणांच्या शेजारी, दोन्ही राज्यांच्या सीमेवर.

"केरू," मी हळूच म्हटलं, "बाहेरच्या गॅसला भिऊन आपण आतल्या अमोनियाच्या पाइपाखाली बसलोय."

"भाभी, माझ्या पाइपातून गळती नाय," तो दुखावून म्हणाला. "त्या ताजूभायच्या मुखवट्याचं बघा."

सगळ्यांनी मुखवटे चढवले. पंख्यांचा आवाज, मुलांचं रडणं, बाहेरचा भोंगा, आणि मुखवट्यांतून येणारे तीस श्वास. थोड्या वेळाने उम्म मुतलकने मुखवटा काढून मांडीवर ठेवला. "यात माझ्याच तोंडाचा वास येतो," ती म्हणाली, आणि क्रेटच्या भिंतीकडे तोंड करून ओरडली, "मुतलक! तो हिंदी कवी आहे का तिकडे?"

"आहे, आई."

"त्याला म्हणू दे. मुलं रडतायत. विसरला तर विसरला."

मुतलकने केरूला खूण केली, केरूने पंखे बंद केले. एकदम इतकं शांत झालं की बाटल्यांवरचं पाणी ठिबकताना ऐकू येऊ लागलं. यांनी मुखवटा काढला असावा. तो तसाही निरुपयोगी होता. त्यांचा आवाज आला. मोठ्या कसीद्याची पहिली ओळ. ओसाड मुक्काम, विझलेली चूल, वाऱ्याने पुसलेल्या खुणा. ओळ सुंदर होती. त्यांनी ती म्हटली, आणि थांबले.

मी डोळे मिटले.

त्यांनी ती पुन्हा म्हटली.

"वा! ताजूभाय, वा!" केरू म्हणाला. बाकी कुणी नाही.

क्रेटच्या पलीकडे कुणीतरी कुजबुजलं. मुतलकचा भाऊ असावा. उम्म मुतलकने दीर्घ श्वास सोडला, त्याची वाफ मला दिसली. "झालं," ती म्हणाली. "तिथेच अडकला. मागच्या वेळीही इतकंच आठवलं होतं."

पलीकडून मुतलकचा समजुतीचा आवाज आला. "ताज, बस. हरकत नाही. थंडी आहे. कुणालाही होईल." खजूर तेवढे पाहुणेघरात राहिले होते, नाहीतर तेही आले असते.

मला उठून ओरडावंसं वाटत होतं, पण काय ओरडायचं ते सुचेना. माझ्या बाजूला अरवा कुडकुडत बसली होती. तिने मुखवटा कपाळावर सरकवला, एका क्रेटवर चढली आणि भिंतीवरून डोकं वर काढून ओरडली, "अब्बा! द काऊ वन!"



"अरवा, उतर खाली," यांचा आवाज आला. "ती गंमत आहे."

"अब्बा, इट्स फ्रीझिंग! म्हणा ना!"

"हे काय चाललंय?" उम्म मुतलकने मला विचारलं.

"गाईची कविता आहे," मी सांगितलं.

"गाईची?" बाईने भुवया वर केल्या. ती उंटांच्या कळपात वाढली होती. मुलाने गाई आणल्या तेव्हा, बसून खाणाऱ्या जनावराला घर दिलंस, असं त्याला सुनावून ती महिनाभर त्याच्याशी बोलली नव्हती. "गाईवर कोण कविता करतं?" मग मोठ्याने, भिंतीपलीकडे: "म्हण रे, गाईची म्हण!"

आणि यांनी म्हटली. गंमतच होती, त्यामुळे थाट नव्हता. थंडीने दात वाजत होते, त्यामुळे थांबायची सोय नव्हती. ओळीमागून ओळ, चहा पिताना म्हणायचे तशी. प्रत्येक दुसऱ्या ओळीचा शेवट 'आर'वर.

उंटिणीच्या कवींनो, माफ करा, माझ्या कवितेला उंटीण परवडली नाही. मी आणली आहे गाय. ती वाळू तुडवत आली नाही, चांदण्यांकडे बघत आली नाही, ती पट्टा बांधून बसली आणि उतरली ती थेट 'मतार'वर, विमानतळावर. पलीकडे एकजण हसला. मागे ठेवून आली हिरवी कुरणं आणि 'अमतार', पाऊस. इथे तिला मिळालं छप्पर, पंखा आणि एक नंबर, कानात टोचलेला.

हसू वाढलं. मुलं रडायची थांबली.

आकाशात लोखंड उडतं, माणसं पळतात, शूर वीर चाऱ्यात लपतात, तोंडाला डबे बांधतात. ती मान वर करते, ऐकते आणि विचारते: एवढी आरडाओरड, म्हणजे चारा आला का? तिच्यापर्यंत कसा पोचणार तुमचा—

इथे यांना खोकला आला. थंड हवा घशात गेली असणार. ओळ अर्धवट राहिली.

"इनज़ार!" उम्म मुतलक म्हणाली. इशारा. भोंगा.

शब्द तोच होता. दुसरा असूच शकत नव्हता. अर्धी ओळ ऐकल्यावर उरलेली आपोआप तिथेच येऊन पोचत होती. खोकला थांबवून यांनी तोच शब्द म्हटला, आणि पलीकडच्या चार-पाच जणांनीही म्हटला. ओळ पोचली होती, एकदाच म्हणून.

पुढच्या ओळीला ते खोकले नाहीत, पण बाई थांबायला तयार नव्हती. शेवटचा शब्द ती यांच्या आधी म्हणू लागली. मग मुतलक, मग त्याचे भाऊ. अरवा क्रेटवर उभी राहून म्हणत होती, आणि तिला खाली उतरवायचं कुणाला सुचलं नाही.

"भाभी," केरू माझ्याकडे वाकून म्हणाला, "सहा अंश झालं."

तीस माणसं म्हणजे प्रत्येकी साधारण शंभर वॅट. मी मनात हिशोब केला. खोलीत तीन किलोवॅटची शेगडी पेटल्यासारखं होतं आणि पंखे बंद. "होणारच," मी म्हटलं.

"लबन बिघडलं तर शेख माझा पगार कापेल."

"गप, केरू."

तिचं दूध सगळे पितात, यांनी म्हटलं, आणि आवाज जरा बदलला, या ओळी मी चहाच्या वेळी ऐकल्या नव्हत्या. सकाळी पितात, उन्हाळ्यात पितात, पाहुण्यांना देतात. ती हंबरते कुठल्या भाषेत, ते विचारायला कुणाला वेळ नाही. कुणी विचारलंच, बाई, तू मूळची कुठली, तर ती एकदा मागे मान वळवते, जिथे पाऊस आहे, एकदा पुढे, जिथे चारा आहे. वीस वर्षं झाली, अजून तिचं ठरत नाही, यातलं कुठलं तिचं—

"दियार," उम्म मुतलक म्हणाली. या वेळी ओरडली नाही. घरं, मुक्काम, मुलूख. जुन्या कविता ज्या शब्दापाशी रडायला सुरुवात करतात, तो शब्द.

बाहेर मघाशीच धोका टळल्याचा भोंगा वाजून गेला होता. केरूचा हात दाराच्या कडीवर होता आणि तो मुतलककडे बघत होता. मुतलक त्याच्याकडे बघत नव्हता.

मग बाईने क्रेटच्या भिंतीकडे तोंड केलं आणि स्पष्ट आवाजात म्हणाली, "सह् लिसानक."

इतकी वर्षं आरशासमोर तयार केलेलं उत्तर आता यायचं होतं. मी वाट पाहिली. सगळ्यांनी पाहिली. पलीकडून काहीच आवाज आला नाही. क्रेटवरून अरवाला दिसत होतं, तिने मला नंतर सांगितलं: अब्बा तोंड उघडून उभे होते, डोळ्यांतून पाणी येत होतं आणि कपाळाला हात लावून ते वाकून आदाब करत होते. एकदा, दोनदा, तीनदा. म्हसळ्याच्या मुशायऱ्यात करतात तसा. शब्द एकही नाही.

उम्म मुतलकला क्रेटमधून यातलं काहीच दिसत नव्हतं. तिने थोडी वाट पाहिली. मग माझ्याकडे वळून समाधानाने मान हलवली.

"कविता सगळी आठवली," ती म्हणाली. "उत्तर तेवढं विसरला. मधाचा गुण आहे, पण औषध अजून पुरं झालेलं नाही. एक बरणी उद्या आणते. जाताना बरोबर न्या."

केरूने दार उघडलं. तापमान सात झालं होतं.

घरी जाताना गाडीत केरूने विचारलं, "भाभी, म्हातारी शेवटी काय बोलली?" मी सांगितलं.

"म्हणजे माझ्यामुळे झालं म्हणा की," तो म्हणाला. "सगळा मध मीच खाल्ला. मला तर ती अख्खी गाय पाठ हाय." आणि त्याने गुहागरी उच्चारात पहिल्या दोन ओळी म्हणून दाखवल्या. अरवा हसून हसून सीटवर आडवी झाली.

यांचं लक्षच नव्हतं. खिडकीबाहेर बघत ते हळूच म्हणत होते, "सह् बदनक, सह् बदनक."

बरणी दुसऱ्या दिवशी खरंच आली. सकाळी मी स्वयंपाकघरात गेले तर हे झाकण उघडून उभे होते, हातात चमचा.

"उपाशीपोटी घ्यायचा ना?" त्यांनी विचारलं.

"हो. एक चमचा."

त्यांनी चमचा तोंडात घातला आणि चेहरा वाकडा केला. "कडू आहे," ते म्हणाले. "केरू कसा खात होता हे?"

मग थोडं थांबून, चमचा चाटून पुसून, त्यांनी दुसरा घेतला.